पट्टा चार बोटं कमी पडला

बक्कल आणि पट्ट्याची जीभ यांच्यात बरोबर चार बोटांचं अंतर राहिलं. नवरा गाडीच्या मागच्या डाव्या दारातून अर्धा आत, एक गुडघा सीटवर रोवलेला. मी उजव्या दारातून हात लांब करून बक्कल वर ओढून धरलेलं. "अजून थोडा सोड," मी म्हटलं. "सोडायला उरलाच नाही," तो म्हणाला. खरंच उरला नव्हता. पट्टा खांबातून सगळाच्या सगळा बाहेर आला होता आणि तारेसारखा ताणला होता. दोघांनी मिळून बाळाची ती नवी कोरी सीट खाली दाबली, गाडीची पुढची सीट आणखी एक खाच पुढे सरकवली, बाळाच्या सीटचा कोन बदलून पाहिला. चाराची तीन बोटं झाली. तिथून पुढे काही हलेना.

लेक तेव्हा साडेसहा महिन्यांची होती. सातव्या महिन्यात उष्टावण, आणि ते माझ्या माहेरी, कराडला करायचं ठरलेलं. भाचीला पहिला घास मामाने भरवायचा म्हणून दादाने चांदीची वाटी आणि चमचा केव्हाच आणून ठेवले होते. पुण्याहून कराड साधारण 160 किलोमीटर, वाटेत खंबाटकीचा घाट आणि अवजड ट्रकांची रांग. बाळ झाल्यापासूनचा आमचा हा पहिला मोठा प्रवास. तोवर गाडीतून जाणं म्हणजे लसीकरणासाठी दवाखाना, एवढंच. तेही मी मागे बसून, तिला छातीशी धरून. सिग्नलला कुणी करकचून ब्रेक मारला की माझ्या पोटात गोळा यायचा.

घरात यावर बोलणं झालं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, "आम्ही दोन मुलं मांडीवर घेऊनच वाढवली. आईच्या हातांपेक्षा प्लॅस्टिक घट्ट धरणार आहे का?" त्यांच्या म्हणण्यात माया होती आणि मला त्यांना दुखवायचं नव्हतं. म्हणून मी एके दिवशी स्वयंपाकघरातच हिशोब मांडला. ताशी 50 किलोमीटरच्या वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आत बसलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. लेकीचं वजन 7 किलो 400 ग्रॅम. वीसपट म्हणजे दीडशे किलो. आपला भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास असतो. तसे पाच सिलिंडर एका क्षणात हातातून निसटायला बघताहेत आणि मला ते धरून ठेवायचे आहेत. सासूबाईंनी ओट्याखालच्या सिलिंडरकडे पाहिलं. "पाच?" एवढंच विचारलं. सीट मागवायला त्यांचा विरोध त्या दिवशी संपला.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम 194 ब प्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाने बांधलं नसेल तर चालकाला 1000 रुपये दंड आहे. या कारणासाठी पावती फाडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि आम्ही सीट घेतली ती दंडाच्या भीतीने नाही. पण तरतूद आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता गाडीबद्दल. आमची गाडी 2013 ची, लहान हॅचबॅक. चांगली चालते, बदलायचा विचार नाही. तिला आयसोफिक्स नाही. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या बैठक आणि पाठ यांच्या फटीत गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या दोन लोखंडी कड्या. बाळाच्या सीटचे दोन आकडे त्यांत खटकन अडकतात. ते नसेल तर सीट गाडीच्या पट्ट्याने बांधावी लागते. म्हणून मी मुद्दाम पट्ट्याने बसणारी सीट शोधली. ऑनलाइन एक मिळाली: जन्मापासून 18 किलोपर्यंत, आधी उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची, मूल मोठं झालं की सरळ. किंमत साडेअकरा हजार. पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सर्व गाड्यांमध्ये बसते. खाली आमच्यापेक्षाही लहान गाडीत बसवल्याचं चित्र. मी एवढ्यावर विश्वास ठेवला. गाडीत जाऊन काही मोजलं नाही. पट्टा कमी पडू शकतो हे मनातच आलं नाही, कारण सीटबेल्ट म्हणजे ओढाल तेवढा येतो अशीच माझी समजूत होती.

उलटी का, हेही सांगते, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान कोवळी. गाडी समोरून आदळली की सरळ बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये तोच धक्का डोकं, मान, पाठ असा सगळीकडे सीटच्या पाठीवर पसरतो. युरोपात लागू असलेल्या आर-129 या नियमात किमान 15 महिने उलटंच बसवायचं बंधन आहे. तेव्हा आम्हाला सरळ बसवण्याचा पर्यायच नव्हता. आणि पट्ट्याने उलटी सीट बांधायची तर पट्टा भरपूर लागतो. आमच्या सीटमध्ये त्याचा कंबरेचा भाग बाळाच्या मांड्यांवरून, निळ्या खाचांमधून जायचा आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून पूर्ण वळसा घेऊन यायचा. उलटी बसवताना निळ्या खाचा, सरळ बसवताना लाल, असे रंग ठरलेले असतात. आम्ही निळ्या खाचा बरोबर पकडल्या होत्या. चुकत काहीच नव्हतं. पट्टाच पुरत नव्हता.

पहिल्या दिवशी वाटलं, आपल्यालाच जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिलाईच्या डब्यातली टेप आणि सुतळी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. पट्टा पूर्ण बाहेर ओढला आणि वरच्या खांबापासून खालच्या टोकापर्यंत मोजला. टेप 150 सेंटीमीटरचीच, म्हणून दोन टप्प्यांत. 2 मीटर 16 सेंटीमीटर भरला. मग सीट जागेवर ठेवून सुतळी अगदी त्याच वाटेने फिरवली: खांबापासून सीटच्या पाठीमागून, निळ्या खाचांमधून, बक्कलपर्यंत आणि परत खालच्या टोकाकडे. सुतळी काढून मोजली तर 2 मीटर 23. सात सेंटीमीटर कमी. उजव्या बाजूचा पट्टाही मोजला, तेवढाच निघाला. मधल्या जागेला नुसता कंबरेचा पट्टा आहे, आणि सीटच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं की तीन ठिकाणी जोडलेला पट्टाच हवा.

ते सात सेंटीमीटर कागदावर लिहिले तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. जे बसतच नाही ते बसवण्यासाठी आपण दोन दिवस एकमेकांवर चिडत होतो, हे कळलं.

पण यानंतरचा आठवडा कठीण गेला, कारण ज्याला त्याला ही सीट कशीबशी बसवून द्यायची होती. मनापासून, आमच्या काळजीपोटीच. शेजारचे काका म्हणाले, बाळ त्या सीटमध्ये बांधलेलं आहे ना, मग सीट नुसती ठेवली तरी चालेल, पुढची सीट मागे सरकवून दाबून धरा. म्हणजे धक्का बसला की सीटसकट बाळ उडणार. नवऱ्याच्या मित्राने सुचवलं, पुढच्या सीटचा पट्टा लांब असतो, पुढे ठेवा. आमच्या गाडीत पुढे एअरबॅग आहे, आणि तिथल्या सन व्हायझरवर उलट्या सीटचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली आहे. एअरबॅग फुटते तेव्हा ती नेमकी उलट्या सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. तिच्यापुढे उलटी सीट कधीच ठेवायची नाही.

सगळ्यात मोह पाडला तो ॲक्सेसरीच्या दुकानाने. तिथल्या माणसाने ड्रॉवरमधून वीतभर पट्टा काढला, एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला बक्कल. "ताई, हे मधे लावा, पाच मिनिटांचं काम. चारशे रुपये." मी हातात घेऊन पाहिला. कुणी बनवला, किती ताण सोसतो, कसलाही शिक्का नाही. आणि तो लावला की बक्कल सरकून नेमकं सीटच्या कडेवर येत होतं. बक्कल असं कडेवर टेकलं की झटक्यात वाकतं किंवा उघडू शकतं. त्याच काउंटरवर सीटबेल्टचा आवाज बंद करणाऱ्या नुसत्या जिभाही मांडलेल्या होत्या. याच क्लिपा विकल्याबद्दल 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले होते, त्या इथे उघड्यावर होत्या. मी पट्टा परत ठेवला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सात सेंटीमीटरच तर आहे गं." तो दमला होता, मीही दमले होते. पण गाडी घाटात उतरत असताना त्या चारशे रुपयांच्या जोडाकडे बघत मला बसता आलं नसतं. सीट परत करायची, हे त्या रात्री ठरलं.

परत करणं म्हणजे सोपं वाटलं होतं. ॲपमध्ये परतीचं बटणच नव्हतं, फक्त "बदलून घ्या". ग्राहक सेवेला फोन लावला.

"मॅडम, प्रॉडक्टमध्ये काही डिफेक्ट आहे का?"

"डिफेक्ट नाही, पण गाडीत बसत नाही."

"मग रिप्लेसमेंट करून देऊ शकतो."

"रिप्लेसमेंटमध्ये काय येईल?"

"सेम प्रॉडक्ट, मॅडम."

तीच सीट पुन्हा. मी तीन दिवसांत तीन वेळा बोलले, तीन वेगळ्या माणसांशी, आणि तिन्ही वेळा इथेच येऊन थांबलो. त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांच्या पडद्यावर जे पर्याय असतात तेच ते वाचतात. तिसरी मुलगी मात्र जाता जाता म्हणाली, "मॅडम, तुम्ही ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल करून बघा." फोन ठेवल्यावर मी साइटच्या अगदी तळाशी जाऊन त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधला.

मेल लिहायच्या आधी मी सीटचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हे मी खोका उघडला त्याच दिवशी करायला हवं होतं. सीटच्या मागे एक नारिंगी लेबल असतं. त्यावर आर-44/04 हा सुरक्षा नियमाचा क्रमांक, वजनाचा गट, गोलात ई आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा, आणि एक शब्द असतो, "युनिव्हर्सल". विकणाऱ्याने त्या शब्दाचं "सर्व गाड्यांमध्ये बसते" करून टाकलं होतं. पुस्तकात त्या शब्दाचा अर्थ दिलेला होता, आणि तो वेगळा होता: गाडी बनवणाऱ्याने आपल्या मार्गदर्शिकेत या वयोगटाची युनिव्हर्सल सीट चालते असं सांगितलं असेल, तर ती नीट बसण्याची शक्यता आहे. शक्यता! आणि शंका असल्यास उत्पादकाला किंवा विक्रेत्याला विचारावं. आमच्या गाडीच्या पुस्तकात मुलांच्या सीटबद्दल जेमतेम अर्धं पान होतं, युनिव्हर्सल शब्दच नव्हता. म्हणजे सीटचं स्वतःचं पुस्तक ज्याची खात्री देत नव्हतं, त्याची खात्री विक्रीचं पान देत होतं.

माझा सगळा मुद्दा एवढाच होता. वस्तू खराब नाही, वस्तूबद्दल जे सांगितलं ते खरं नाही. आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2020 साली आलेल्या ई-कॉमर्स नियमांत हे शब्दांनिशी आहे: वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पहिले तीन दिवस मी "बसत नाही" एवढंच म्हणत राहिले, आणि ते ऐकून समोरच्याला ती माझी आवडनिवड वाटत होती. "पानावर जे लिहिलंय ते खरं नाही" असं म्हटल्यावर बोलण्याचा सूरच बदलला.

मेल छोटा ठेवला. ऑर्डरचा क्रमांक, तारीख, रक्कम. विक्रीच्या पानाचा फोटो, ज्यात ते वाक्य दिसत होतं. पुस्तकातल्या परिच्छेदाचा फोटो. पट्ट्याला आणि सुतळीला टेप लावलेले दोन फोटो, आकडे वाचता येतील असे. शेवटी दोन ओळी: मला बदली नको, सीट घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. रडगाणं गायलं नाही, धमकीही दिली नाही. पानाचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता हे फार बरं झालं, कारण आठवड्याने मी परत पाहिलं तेव्हा "सर्व गाड्यांमध्ये" गेलं होतं आणि तिथे "बहुतेक गाड्यांमध्ये" आलं होतं.

नियमाप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. पोच दुसऱ्याच दिवशी आली. मग शांतता. दहा दिवस वाट पाहून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. पलीकडची बाई मराठीत बोलली, आणि तेवढ्यानेच माझा निम्मा ताण उतरला. तिने सगळं ऐकून घेतलं, ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम विचारली, मेलवर पोच आली का हे विचारलं. तक्रार क्रमांक मोबाइलवर आला. पाच दिवसांनी विक्रेत्याकडून फोन: "मॅडम, अपवाद म्हणून आम्ही रिटर्न घेतोय." अपवाद वगैरे काही नव्हता, पण मी वाद घातला नाही.

मधल्या काळात उष्टावणाची तारीख आली. कराडला जाता येणार नव्हतं. मी दादाला फोन केला तेव्हा माझा आवाज जड झाला होता. तो म्हणाला, "अगं, घास भरवायला मामा लागतो, कराड नाही." रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन तो एसटीने स्वारगेटला उतरला. पिशवीत चांदीची वाटी, चमचा आणि आईने घरून आणलेले आंबेमोहोर तांदूळ. आमच्या हॉलमध्ये पाटाभोवती रांगोळी काढली. लेकीने खिरीचा पहिला घास जिभेने बाहेर ढकलला आणि दुसरा गिळला. कोपऱ्यात ती सीट चादर टाकून ठेवलेली होती.

परतीचा माणूस यायच्या आदल्या रात्री लक्षात आलं, खोका नाही. आठ दिवस घरात अडचण झाली म्हणून सासूबाईंनी तो रद्दीवाल्याला दिला होता. ॲपवर लिहिलेलं, मूळ खोक्यासकट. मी तरी मुलगा आला तेव्हा सीट चादरीत बांधून तयार ठेवली. त्याने मोबाइल दाखवला, "ताई, बॉक्सचा फोटो टाकल्याशिवाय पुढे जातच नाही बघा." तो खरं बोलत होता, पडदा तिथेच अडलेला. सीट तशीच राहिली, पुन्हा दोन दिवसांनी येणार.

नवरा लगेच कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात गेला. खोका तिथे होता! उभा करून त्यात जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती. दुकानदाराने कारण विचारलं आणि काही न बोलता सगळी वर्तमानपत्रं खाली काढली. पैसे घेतले नाहीत. एका बाजूने खोका फाटला होता, तिथे आम्ही रुंद चिकटपट्टी लावली. थर्माकोलचे चार कोपरे होते, त्यातले दोन गायब, त्या जागी जुने टॉवेल गुंडाळून कोंबले. दुसऱ्या खेपेला त्याच मुलाने खोक्याचा, नारिंगी लेबलचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढला आणि आम्हाला पावती दिली. सहा दिवसांनी साडेअकरा हजार रुपये कार्डावर जमा झाले. मेल लिहिल्यापासून पैसे येईपर्यंत सव्वीस दिवस गेले.

नवी सीट घेताना मी उलट दिशेने सुरुवात केली. आधी पाच दुकानांना फोन करून एकच विचारलं: विकत घ्यायच्या आधी आमच्या गाडीत लावून बघू द्याल का? तिघांनी नाही म्हटलं. एक म्हणाला, खोका उघडला की घेतलाच असं समजा. बाणेरच्या बाजूला एक दुकान निघालं, त्याला स्वतःचं पार्किंग होतं आणि दाखवायला मांडलेल्या सीटा गाडीपर्यंत आणायची तयारी होती. तिथली मुलगी स्वतः सीट उचलून बाहेर घेऊन आली. पहिली आमच्या पट्ट्यात बसली, पण तिच्यामुळे पुढची सीट इतकी पुढे सरकली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले. तो पाच फूट अकरा इंच आहे. ती नको म्हटलं. दुसऱ्या सीटची रचना वेगळी होती. तिच्यात पट्टा पाठीमागून वळसा घेत नाही. कंबरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही भाग बाळाच्या बैठकीखालच्या एकाच वाटेतून जातात. त्यामुळे पट्टा पुरला आणि वर वीतभर शिल्लक राहिला. टक् असा आवाज आला तेव्हा मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं, बोललो नाही.

त्या मुलीला तिचं काम चांगलं येत होतं. पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून तिने हलवून दाखवली: इथे इकडेतिकडे अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. वरचं टोक धरून हलवलं तर थोडं हलणारच, त्याला घाबरायचं नाही. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. बाळ फार उभं बसलं तर मान पुढे पडून श्वास अडू शकतो. ही रेघ सपाट जागेवर बघायची, हे तिने दोनदा सांगितलं, आणि ते बरं झालं, कारण आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे. मग लेकीला बसवलं. बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवेत, आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. लेकीच्या अंगात आजीने विणलेला जाड स्वेटर होता. मुलीने तो काढायला लावला. जाड कपड्यावरून पट्टा घट्ट वाटतो, धक्का बसला की कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. थंडी असेल तर आधी बांधायचं आणि मग वरून दुपटं पांघरायचं.

ती सीट साडेचौदा हजारांची पडली. ठरवलं होतं त्यापेक्षा तीन हजार जास्त. एका ओळखीच्यांनी त्यांच्या मुलाची जुनी सीट फुकट देऊ केली होती, पण ती त्यांच्याकडेही दुसऱ्या कुणाकडून आलेली. आधी कुठल्या अपघातात ती गाडीत होती का, हे कुणालाच सांगता येईना. प्लॅस्टिकवरची मुदतीची तारीखही पुसलेली. त्यांचे मनापासून आभार मानले आणि ती घेतली नाही.

मार्चमध्ये आम्ही कराडला गेलो, वहिनीच्या डोहाळजेवणाला. खेड-शिवापूरला थांबून लेकीला बाहेर काढलं, पाजलं, दहा मिनिटं मोकळं खेळू दिलं. खंबाटकी चढताना ती झोपली होती. मी शेजारी बसले होते, दोन्ही हात मोकळे, आणि कितीतरी महिन्यांनी मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर दादा मला अंगणात घेऊन गेला. त्याची गाडी दोन वर्षांपूर्वीची. "आमच्यात कोणती बसेल बघ ना," तो म्हणाला. मी पर्समधली टेप काढली. मागच्या सीटच्या फटीत दोन बोटं घातली, तर गार लोखंड हाताला लागलं. जरा पलीकडे तशीच दुसरी कडी, आयसोफिक्सची. दोन्हींच्या मधोमध टेप धरली आणि दादाला मोबाइलचा उजेड पाडायला सांगितलं. 28 सेंटीमीटर.